पट्टीवर न लिहिलेली अडत : यूकेमधल्या कार फायनान्सच्या तक्रारीचा आमचा अनुभव

गेल्या दोन-तीन महिन्यांत ओळखीतल्या आठ-दहा जणांनी तरी फोन करून विचारलं, ते गाडीच्या फायनान्सचे पैसे परत मिळतायत म्हणे, तुम्ही काय केलं होतं, कुठे अर्ज केला, वकील लावला का. प्रत्येकाला तेच ते सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते. आधीच सांगते, आमचे पैसे अजून आलेले नाहीत, हे लिहितेय नोव्हेंबर २०२५ मध्ये. पण इथपर्यंत यायला जे जे करावं लागलं त्यातलं जवळजवळ सगळं घरी बसून, फुकटात होतं आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नाही.

आम्ही लंडनजवळच्या स्लाऊला आलो २०१४ मध्ये, नवऱ्याच्या कंपनीच्या व्हिसावर. पहिली दोन वर्षं बस आणि ट्रेनवर काढली. २०१६ मध्ये धाकटा झाला, थोरली तेव्हा चार वर्षांची, एका हातात बग्गी, एका हातात तिचा हात आणि खांद्यावर सामानाची पिशवी, असं पावसात बसस्टॉपवर उभं राहणं मला होईना. सप्टेंबरमध्ये गाडी घेतली. होंडा जाझ, दोन वर्षं वापरलेली, ९,५०० पौंडांना. १,००० आम्ही भरले आणि ८,५०० चं फायनान्स केलं, तीनच वर्षांचं, कारण व्हिसा तेवढाच उरला होता. प्रकार हायर पर्चेस, म्हणजे शेवटचा हप्ता जाईपर्यंत गाडी कागदोपत्री फायनान्स कंपनीची. एपीआर, म्हणजे वर्षाचा व्याजाचा दर, १०.९ टक्के, हप्ता महिना २७५ पौंड ८३ पेन्स.

डीलरकडचा माणूस बोलायला फार चांगला होता. थोरलीला त्याने रंगवायचं पुस्तक दिलं, आम्हाला चहा दिला, मग कॉम्प्युटरवर दहा-पंधरा मिनिटं काहीतरी टाइप करत बसला आणि उठून म्हणाला, अभिनंदन, तुमचं लोन पास झालं. रेट जरा जास्त वाटतोय असं नवरा म्हणाला तर तो म्हणाला, तुम्ही या देशात नवीन, क्रेडिट हिस्टरी फार नाही, या परिस्थितीत हाच चांगला रेट आहे. आम्हाला पटलं. पटण्यासारखंच होतं, कारण तेव्हा फोनचं काँट्रॅक्ट घ्यायलाही आम्हाला दोनदा नकार आला होता. उलट कोणीतरी आपल्याला कर्ज देतंय याचंच बरं वाटलं. गाडी न्यायला गेलो त्या दिवशी मी त्याच्यासाठी बेसनाचे लाडू डब्यात घालून घेऊन गेले होते. ही गोष्ट मी अजून विसरू शकलेले नाही.

तीन वर्षं हप्ते वेळेवर भरले, सप्टेंबर २०१९ ला शेवटचा गेला, गाडी आपली झाली, विषय संपला.

मग जानेवारी २०२४ मध्ये बातमी आली की एफसीएने, म्हणजे इथल्या फायनान्स कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, जुन्या कार फायनान्सची चौकशी सुरू केलीय. मी ऐकलं आणि सोडून दिलं. आम्ही कुठे फसलो होतो, आम्ही तर रेट वाचून सही केली होती ना. पुढे एकदा रात्री सविस्तर वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की मुद्दा रेट सांगितला की नाही हा नाहीच, तो रेट ठरवला कोणी हा आहे. बऱ्याच फायनान्स कंपन्यांनी डीलरला एक पट्टा दिलेला असायचा, इतक्यापासून इतक्या टक्क्यांपर्यंत तुला हवा तो रेट गिऱ्हाइकाला लाव, आणि जितका जास्त लावशील तितकं तुझं कमिशन जास्त. म्हणजे समोर बसून जो माणूस म्हणतोय की तुमच्यासाठी हाच चांगला रेट, त्यालाच रेट वाढवण्याचे पैसे मिळतायत आणि आपल्याला त्यातलं काही माहीत नाही. एफसीएनेच २०१९ मध्ये हिशोब मांडला होता की १०,००० पौंडांच्या चार वर्षांच्या साध्या कर्जात अशा कमिशनपायी माणूस सुमारे १,१०० पौंड जास्त व्याज भरू शकतो. २८ जानेवारी २०२१ पासून ही पद्धत बंद केली. त्याआधीच्या लोकांचं काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला होता.

इथे माझ्याकडून एक चूक झाली ती सांगते, कारण नेमकी तीच चूक अजून पुष्कळ लोक करतायत. वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मोबाईलवर एक जाहिरात आली, दोन मिनिटांत बघा तुम्हाला किती हजार मिळतील, नाव, जन्मतारीख, पत्ता टाका आणि बोटाने सही करा. मी नवऱ्याला फोन धरून सही करायला लावली. ती होती क्लेम कंपनी, म्हणजे आपल्या वतीने भरपाई मागून त्यातला वाटा घेणारी. जिंकलो तरच फी, असं ठळक लिहिलेलं, पण फी किती ते खाली बारीक अक्षरात, ३० टक्के अधिक व्हॅट, म्हणजे ३६ टक्के. ७०० पौंड मिळाले तर २५२ त्यांचे, आणि काम काय करणार तर आपल्या लेंडरला, म्हणजे कर्ज दिलेल्या फायनान्स कंपनीला, एक पत्र पाठवणार. चौदा दिवसांच्या आत रद्द करता येतं हे वाचलं तेव्हा अकरावा दिवस होता. त्याच रात्री ईमेल केला, सकाळी पोस्टाने सही घेऊन पोचणारं पत्रही टाकलं आणि त्यांनी रद्द केल्याचा ईमेल पाठवेपर्यंत मला झोप लागली नाही. ज्यांची मुदत उलटून गेलीय त्यांनी आपल्या करारात बाहेर पडायची फी किती ते आधी वाचावं, नुसतं फोनवर नको म्हणून भागत नाही.

मग ठरवलं की आपणच करायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये मार्टिन लुईसच्या मनीसेव्हिंगएक्स्पर्टने, म्हणजे पैशांबद्दल सल्ला देणाऱ्या इथल्या वेबसाइटने, तक्रारीच्या पत्राचा नमुना फुकट दिला होता, मी तोच घेतला. पण पत्र पाठवायचं कोणाला? आमच्या डोक्यात फक्त डीलरचं नाव. फायनान्स कंपनी वेगळीच असते आणि तक्रार जाते ती तिच्याकडे. बँकेच्या अॅपवर इतक्या मागचे व्यवहार दिसेनात. तेव्हा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांची आणि फेडीची नोंद, काढला, तोही फुकट मिळतो, आणि बंद झालेलं खातं त्यावर सहा वर्षं राहतं. आमचं २०१९ ला बंद झालेलं, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरनंतर ते तिथून गेलं असतं. त्यात कंपनीचं नाव सापडलं, खात्याच्या नंबरचे शेवटचे आकडे सापडले, आणि मग माळ्यावरच्या, इकडे लॉफ्ट म्हणतात, तिथल्या खोक्यात मूळ अॅग्रीमेंटही मिळालं, धाकट्याच्या लसीकरणाच्या लाल पुस्तकाखाली. चौदा पानं. बारकाईने वाचली. कमिशनबद्दल एकच वाक्य होतं, की ब्रोकरला, म्हणजे डीलरला, फायनान्स कंपनीकडून कमिशन मिळू शकतं. मिळू शकतं! मिळालं असं नाही, किती ते नाही, आणि त्यावर आपलं व्याज अवलंबून आहे हे तर कुठेच नाही.

मार्च २०२४ मध्ये तक्रार पाठवली. कर्ज नवऱ्याच्या नावावर असल्यामुळे सगळं त्याच्याच नावाने, मी फोन केला तर माझ्याशी बोलेनात, एकदा त्याला लंच ब्रेकमध्ये फोनवर घेऊन माझं नाव अधिकृत म्हणून नोंदवून घेतलं तेव्हा पुढचं सोपं झालं. नवऱ्याच्या नावावर कर्ज असेल तर ते पहिल्याच दिवशी करून टाका. आठवड्याभरात उत्तर आलं, तक्रार मिळाली, पण एफसीएने उत्तर देण्याची मुदत थांबवलीय त्यामुळे आत्ता निर्णय नाही. एरवी आठ आठवड्यांत उत्तर द्यावं लागतं, ते घड्याळच थांबवलेलं. आधी सप्टेंबर २०२४ पर्यंत, मग ४ डिसेंबर २०२५ पर्यंत.

तक्रार थांबली तरी माहिती मागण्यावर कुणी बंदी घातलेली नव्हती. इथल्या डेटा कायद्याखाली आपली सगळी माहिती मागता येते, पैसे लागत नाहीत आणि साधारण महिन्याभरात द्यावी लागते. मी तो अर्ज केला. सत्ताविसाव्या दिवशी पासवर्ड घातलेली पीडीएफ आली, त्रेचाळीस पानं, त्यात प्रत्येक हप्त्याची तारीख, २०१७ मध्ये पत्ता बदलल्याचा फोन, सगळं होतं. कमिशन नव्हतं. परत लिहिलं, आणि या वेळी नेमकं लिहिलं, या करारासाठी ब्रोकरला तुम्ही दिलेली रक्कम किती, कोणत्या पद्धतीने ठरली, आणि रेट ठरवण्याचा अधिकार ब्रोकरला होता का. तीन प्रश्न, त्यात इकडचं तिकडचं काही नाही. त्यावर दोन आठवड्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं. दिलेलं कमिशन ५४० पौंड. रेट ठरवण्याचा अधिकार ब्रोकरला होता, होय.

मी स्वयंपाकघरात उभी होते, मोबाईलवर वाचलं आणि खाली बसले. ५४० पौंड म्हणजे आमचे जवळजवळ दोन हप्ते. तीन वर्षांत आम्ही एकूण व्याज भरलं १,४३० च्या आसपास, त्यातला एक तृतीयांशाहून जास्त भाग त्या हसऱ्या माणसाच्या दुकानाला गेलेला. मी हिशोब करून बघितला, समजा रेट १०.९ च्या जागी ५.९ असता तर व्याज साडेसातशे ते आठशेच्या मध्ये झालं असतं, साडेसहाशे पौंड वाचले असते. २०१६ च्या हिवाळ्यात हीटिंग सकाळी एक तास आणि संध्याकाळी दोन तास असं मोजून लावायचो आम्ही. त्या साडेसहाशेंची किंमत मला माहितीय. आणि पैशांपेक्षा जास्त लागलं ते हे की क्रेडिट हिस्टरी नाही, इथे नवीन आहात, असं म्हणून त्याने आमच्याच कमीपणावर ते ढकललं, आणि आम्ही मान खाली घालून ते घेतलं.

रविवारी वडिलांशी व्हिडिओ कॉल होता. आमचं गाव कराडकडचं, घरची शेती, हळद असायची, ती सांगलीला अडत्याकडे जायची. तो माल विकून देतो, त्याचं कमिशन म्हणजे अडत, आणि विक्रीचा हिशोब लिहून देतो तो कागद म्हणजे पट्टी. वडिलांना एपीआर वगैरे काही सांगायच्या भानगडीत पडले नाही, फक्त म्हटलं, गाडी घेताना मधल्या माणसाने आमच्या कर्जावर पैसे घेतले आणि ते आम्हाला सांगितले नाहीत. ते लगेच म्हणाले, "मंग अडत किती घेतली त्यानं?" मी म्हटलं, तेच तर लिहिलेलं नव्हतं दादा कुठे, आत्ता आठ वर्षांनी कळतंय. तर म्हणाले, "अगं, सांगलीचा अडत्या बी पट्टीवर लिवून देतो. वजन किती, भाव काय, अडत किती, हमाली किती, तोलाई किती. अडत घ्यायला कुनाची ना न्हाई, त्याचं पोट हाय त्यावर. पर लिवली न्हाई तर ती पट्टीच न्हवं." मला इतके महिने वाचून जे नीट मांडता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात मांडलं. कमिशन घेतलं हा माझा रागच नाही. दुकान चालवणारा माणूस काहीतरी घेणारच. पण ते कागदावर हवं होतं, म्हणजे आम्ही उठून दुसऱ्या ठिकाणी विचारलं असतं.

पुढचं दीड वर्ष कोर्टात गेलं, आमचं नाही, पण आमच्यासारख्यांचं. २५ ऑक्टोबर २०२४ ला कोर्ट ऑफ अपीलने तीन ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला, डीलरने कमिशनची पूर्ण माहिती देऊन ग्राहकाची संमती घ्यायलाच हवी होती असं म्हणून. दिवाळीचा आठवडा तोंडावर, मी चकल्या पाडत बातम्या ऐकत होते, वाटलं झालं आता. पण फायनान्स कंपन्या सुप्रीम कोर्टात गेल्या, एप्रिल २०२५ मध्ये तीन दिवस सुनावणी झाली आणि निकाल १ ऑगस्टला, शुक्रवारी, शेअर बाजार बंद झाल्यावर. तो बहुतेक कंपन्यांच्या बाजूने लागला. कोर्ट म्हणालं, डीलर हा आपली गाडी विकायला बसलेला असतो, ग्राहकाचं हित सांभाळायची विश्वस्तासारखी जबाबदारी त्याच्यावर येत नाही. त्या संध्याकाळी मला वाईट वाटलं. पण तिघांपैकी एकाचा दावा टिकला. वेल्समधला कारखान्यात काम करणारा माणूस, २०१७ मध्ये जुनी सुझुकी घेतली होती, आणि डीलरला मिळालेलं कमिशन होतं १,६५० पौंड ९५ पेन्स, म्हणजे कर्जाच्या एकूण खर्चाच्या (व्याज आणि फी धरून) ५५ टक्के. १९७४ च्या कन्झ्युमर क्रेडिट अॅक्टमध्ये १४० ए नावाचं कलम आहे, त्याखाली कर्ज देणारा आणि घेणारा यांच्यातलं नातं अन्यायाचं ठरलं तर कोर्ट दुरुस्त करू शकतं, त्या कलमाखाली त्याला कमिशन व्याजासकट मिळालं. आमच्यासाठी तोच दरवाजा उघडा राहिला.

त्याच रविवारी, ३ ऑगस्टला, एफसीएने सांगितलं की सगळ्यांसाठी भरपाईची योजना आणायचा विचार आहे, आणि ७ ऑक्टोबरला तिचा मसुदा आला. ६ एप्रिल २००७ ते १ नोव्हेंबर २०२४ मधली कर्जं, अंदाजे १ कोटी ४२ लाख करार, एकूण भरपाई ८.२ अब्ज पौंड, करारामागे सरासरी ७०० च्या आसपास. मसुद्यात असं आहे की भरपाई मिळायला तीन गोष्टींपैकी एक तरी तुमच्या कर्जात असून तुम्हाला सांगितलेली नसली पाहिजे: रेट वाढवला की कमिशन वाढायचं ती पद्धत, किंवा फार मोठं कमिशन, किंवा डीलरचं एकाच लेंडरशी आतून बांधलेलं असणं. फार मोठं म्हणजे कर्जाच्या खर्चाच्या ३५ टक्के आणि कर्जाच्या रकमेच्या १० टक्के, दोन्ही. आमचं पहिल्या मापात बसतं, दुसऱ्यात नाही, ८,५०० वर ५४० म्हणजे सहा-साडेसहा टक्केच होतात. पण आमच्याकडे ते दोन ओळींचं उत्तर आहे, रेट ब्रोकर ठरवत होता, होय, त्यामुळे आम्ही पहिल्याच प्रकारात येतो. ते उत्तर मी छापून अॅग्रीमेंटला टाचून ठेवलंय. सरासरी ७०० हा आकडा मला कमी वाटतो, हे मनापासून सांगते, कारण ज्यांनी महागातलं कर्ज वर्षानुवर्षं फेडलं त्यांचं नुकसान त्यात भरून येईल असं मला वाटत नाही. तरीही लाखो लोकांना कोर्टाची पायरी न चढता काहीतरी मिळेल, हेही खरं.

ऑगस्टपासून फोन सुरू झाले. तुमची भरपाई मंजूर झालीय, ती जमा करायला खात्याचा नंबर सांगा. नवऱ्याला असा फोन आला तेव्हा समोरच्याला आमच्या गाडीची कंपनीसुद्धा माहीत होती, त्यामुळे नवरा सॉर्ट कोड, म्हणजे बँकेच्या शाखेचा नंबर, सांगायला लागला होता, मी हातातून फोन घेतला. हे लिहितेय तेव्हा, नोव्हेंबर २०२५ मध्ये, योजना सुरूच झालेली नाही, तिच्याखाली कोणाचेही पैसे मंजूर झालेले नाहीत, त्यामुळे आत्तापर्यंत असं सांगणारा प्रत्येक फोन खोटा होता. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हे आवर्जून सांगून ठेवा.

मंडळातले एक काका आहेत, हॅरोला राहतात, २०११ मध्ये व्हॅन घेतली होती डबे पोचवायच्या धंद्यासाठी. त्यांचा फोन आला, "ताई, माझ्याकडे एक कागद नाही, कंपनीचं नावही आठवत नाही, आता काय मिळणार." क्रेडिट रिपोर्टवरून तर ते खातं केव्हाच गेलेलं. त्यांना म्हटलं काका, गाडीचा नंबर आठवतो का, तर तो पाठ होता. तेव्हाचा पत्ता आठवतो का, तोही होता. मग काकूंना हप्त्यांची जुनी डायरी सापडली, त्यात दर महिन्याच्या चार तारखेला एक नाव आणि रक्कम लिहिलेली. काकूंनी स्वतःच्या अक्षरात, मराठीत, कंपनीचं नाव जसं ऐकलं तसं. तेवढ्यावर लेंडर सापडला. नाव, जन्मतारीख, तेव्हाचा पत्ता आणि गाडीचा नंबर दिला तर करार क्रमांक नसला तरी त्यांना शोधता येतं. व्हॅन धंद्यासाठी होती म्हणून काही वेगळं होईल का अशी काकांना धास्ती आहे, पत्रात आम्ही ते लपवलेलं नाही, जसं आहे तसं लिहिलंय.

मधे, या सप्टेंबरमध्ये, जाझ शेवटी थकली आणि आम्ही दुसरी गाडी बघायला गेलो. दुसरंच दुकान. फायनान्सचा कागद समोर आला तेव्हा मी विचारलं, यात तुम्हाला कमिशन किती मिळणार. समोरची मुलगी गोंधळली नाही, तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली, एक ओळ दाखवली, आकडा होता. मी म्हटलं, छापून द्या. तिने दिला. त्या गाडीचं कर्ज आम्ही शेवटी आमच्या बँकेकडून घेतलं कारण तिथे दीड टक्का कमी पडत होता, आणि ते कळलं कारण तुलना करायला दोन्ही कागद हातात होते. त्या छापलेल्या कागदाचा फोटो वडिलांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हां. आता बरं."

आता आमच्याकडून करायचं उरलंय ते एवढंच की डिसेंबरात आम्ही रीडिंग शहरात घर बदलतोय, तर लेंडरला नवा पत्ता लेखी कळवायचा आहे. मसुद्याप्रमाणे ज्यांनी आधीच तक्रार केलीय त्यांना लेंडरने योजना सुरू झाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचंय, आणि ते पत्र जुन्या घराच्या पायपुसण्यावर पडून राहायला नको. पत्ता बदलायचा अर्ज लिहून झालाय, नवऱ्याची सही बाकी आहे. काकांचं पत्रही तयार आहे, काका सोमवारी माझ्याबरोबर पोस्टात येणार आहेत.